तेवीस दिवसांची कावीळ

तेवीस दिवस त्या घरातल्या एकाही भांड्यात हळद पडली नव्हती. तेल, तिखट, फोडणी तर दूरच. सुनंदाबाई कुकरमध्ये मुगाची खिचडी लावत, ती पांढरीफटक निघे आणि सगळं घर ती मुकाट्याने खाई. आजारी माणसासमोर आपण चमचमीत खायचं नाही, हा सुनंदाबाईंचा नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. फ्रिजमध्ये उसाच्या रसाच्या तीन बाटल्या उभ्या होत्या. खालच्या मजल्यावरच्यांनी मुळ्याच्या जुड्या आणून दिल्या होत्या, समोरच्यांनी फुटाणे, आणि कुणीतरी मनुकांचा असा एक मोठा पुडा की तो संपायला दिवाळी उजाडली असती. प्रभाकर सरांचा नातू, तो डॉक्टरकी शिकणारा, कावीळ होऊन घरी आलाय, ही बातमी टपाल नाक्यापासून वडाळे तळ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक झाली होती.

आणि वरदला कावीळ नव्हती.

घरात हे तिघांनाच माहीत होतं. स्वतः वरदला, त्याच्या आईला म्हणजे चारुताला आणि प्रभाकररावांना. चौथा सत्यजीत, प्रभाकररावांचा थोरला मुलगा, तो पुण्याला. कावीळ त्यानेच ठरवली होती. फोनवर, पाच मिनिटांत. "आईचं बीपी बघता तिला खरं सांगायचं नाही. आणि लोकांना तर मुळीच नाही. कावीळ सांगा. पंधरा-वीस दिवस घरी राहायला बरी पडते, कुणी जास्त विचारत नाही." इतक्या नेमकेपणाने त्याने ते सांगितलं की प्रभाकररावांना वाटलं, याने हा विचार पूर्वी कधीतरी करून ठेवला असावा.

खरं काय होतं, ते त्या मंगळवारी कळलं होतं. वरदचा खोलीतला जोडीदार कल्पेश, त्याचा फोन चारुताला आला. काकू, घाबरू नका, वरद माझ्याशेजारी बसलाय, आम्ही आमच्याच कॉलेजच्या मानसोपचार विभागात आहोत, तुम्ही या. चारुता आणि प्रभाकरराव मिळेल त्या एसटीने घाट चढून गेले. दोन दिवसांनी परतताना वरद खिडकीशी बसून आईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला, तो थेट पनवेल स्टँड येईपर्यंत. एकवीस वर्षांचा मुलगा. तेव्हापासून दर गुरुवारी तो गावातल्याच मानसोपचारतज्ज्ञ माधुरी डॉक्टरांकडे जाई, सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेई. सुनंदाबाईंना सांगितलं होतं, रक्त तपासायला जातो, आणि गोळ्या लिव्हरच्या आहेत.

गोळ्यांना आणि गुरुवारांना आता कुठे गुण येऊ लागला होता. परवा जेवताना वरदने ताटाकडे बघितलं आणि म्हणाला, "आजी, हे अजून किती दिवस?" सुनंदाबाईंनी त्याला दटावलं. प्रभाकरराव मात्र उठून गॅलरीत गेले आणि उगाच कुंड्यांना पाणी घालत राहिले. महिनाभर ज्या पोराला आपण काय गिळतोय याचं भान नव्हतं, त्याला आज खिचडी अळणी लागली होती. याहून मोठी बातमी गेल्या दहा वर्षांत त्या घरात आली नसेल.

अशा त्या शनिवारी सकाळी साडेदहाला सत्यजीत आला. बरोबर रेवा, त्याची मुलगी, बारावीला असलेली. हातात निळी फाइल.

"आई कुठे आहे?" त्याने आत येताच हळू आवाजात विचारलं.

"आत. कुणाची तरी वाट बघतेय," चारुता म्हणाली. "सोनाबाई भाजीवालीने कुणाला तरी धाडते म्हणून सांगितलंय."

"बरं. पटकन उरकून घेऊ."

हॉलमध्ये सगळे बसले. प्रभाकररावांच्या त्या हॉलमध्ये सोफ्याच्या समोरच्या भिंतीवर टीव्ही नव्हता, फळा होता. शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी रोज चार वाजता आसपासची दहा-बारा पोरं तिथे सतरंजीवर बसून गणितं करत. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात खडूने आखलेली एक चौकट असे, ती कुणी पुसायची नाही. ती अडलेल्या गणिताची. दर शनिवारी ज्याचं जे गणित आठवडाभर सुटलं नसेल त्याने ते त्या चौकटीत मांडायचं. आणि सरांच्या वर्गाची रीत अशी की गणित सुटल्यावर टाळ्या नाहीत. टाळ्या वाजवायच्या त्या, कुणी उभं राहून 'माझं अडलंय' म्हणालं की. "सुटलेल्याला टाळ्यांची गरज काय?" सर म्हणत. "त्याला उत्तर मिळालंय की." छप्पन्न वर्षांत या रीतीने त्यांनी हजारभर पोरांची गणिताची भीती घालवली होती.

सत्यजीतने फाइल उघडून दोन कागद टीपॉयवर शेजारी शेजारी ठेवले.

"सोमवारी कॉलेजात यातला एक जायला हवा. हा माझ्या ओळखीच्या डॉक्टरांचा. कावीळ, तीन आठवडे विश्रांती, आता बरा आहे. हा दिला की सोमवारी वरद हजर, बारा दिवसांनी परीक्षा, वर्ष वाचलं. आणि हा त्या माधुरीबाईंचा. यात त्यांनी सगळं लिहिलंय. नैराश्य, उपचार चालू, सहा महिने रजा द्यावी. हा दिला की याची बॅच सुटली. बरोबरची मुलं पुढे, हा मागच्यांत. आणि कागद कायमचा फायलीत. उद्या नोकरी आहे, लग्न आहे. शिक्का बसतो, बाबा."

"भाऊजी, पण डॉक्टर म्हणाल्या—" चारुताने सुरुवात केली.

"चारुता, मी काय त्याचा शत्रू आहे का? अॅडमिशनच्या फॉर्मवर पालक म्हणून माझी सही आहे. रमेश गेला तेव्हा मी त्याला शब्द दिलाय, पोराला डॉक्टर करीन."

चारुता गप्प झाली. नवरा गेल्यावर गेली अकरा वर्षं ती या वाक्यापाशी गप्प होत आली होती. सत्यजीतने शब्द पाळला होता, यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच त्याच्यापुढे बोलणं अवघड.

वरद कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांच्या मध्ये दाबून. "काका, मला सोमवारी नाही जमणार," तो म्हणाला.

"अरे, बारा दिवस. डोळे मिटून काढ. नंतर हवी तेवढी विश्रांती घे."

"मागच्या वर्षी आमच्या वरच्या वर्गातला एक मुलगा गेला," वरद सावकाश म्हणाला. "आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. मग वॉर्डात ड्युटी होती म्हणून गेलो. त्याआधी तो महिनाभर रजेवर होता, काका. मलेरियाच्या. आम्ही सगळे त्याला विचारायचो, ताप गेला का रे? तो म्हणायचा, गेला."

वरून एक विमान गेलं. नवा विमानतळ सुरू झाल्यापासून त्या घरात बोलणं असं मधेच थांबायची सवय लागली होती.

विमान गेल्यावर पहिली बोलली ती रेवा. इतका वेळ ती सतरंजीवर बसून फुटाणे खात होती. "बाबा, एक विचारू? पुढच्या वर्षी मीही मेडिकलला जाणार. तिथे माझं असं काही झालं तर आपण कोणता आजार सांगायचा?"

"रेवा, मोठ्यांच्या मध्ये—"

"नाही, आत्ताच ठरवलंत तर बरं. मी त्याची लक्षणं पाठ करून ठेवीन. कावीळ तर दादाने वापरली."

प्रभाकररावांनी मान खाली घालून हसू गिळलं. सत्यजीतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो काही बोलणार तोच आतून सुनंदाबाईंचा आवाज आला, "आली गं बाई एकदाची," आणि त्या एका बाईला घेऊन हॉलमध्ये आल्या. सत्यजीतने दोन्ही कागद झटक्यात फाइलखाली सरकवले.

"ही जिजा," सुनंदाबाई म्हणाल्या. "ओवे गावाच्या पलीकडच्या वाडीवरची. कावीळ उतरवते. तेवीस दिवस तुमच्या त्या रक्ततपासण्या झाल्या, पोराच्या अंगावर मांस नाही की तोंडावर तुकतुकी नाही. आता मला कुणी अडवायचं नाही."

जिजा पन्नाशीची, काळीसावळी, काटक. एरवी बांधकामावर रेती-विटा उचलायला जाई. मंगळवारी आणि शनिवारी कामाला खाडा करून कावीळवाल्यांना औषध देई. तिने खुर्ची नाकारली, कमरेचं गाठोडं खाली ठेवलं आणि वरदकडे बघून म्हणाली, "उजेडात ये, बाला."

वरदने आजोबांकडे बघितलं. तो उठून खिडकीशी गेला. जिजाने अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढली. एक डोळा, मग दुसरा. नखं उलटीपालटी करून बघितली. तळहात बघितला, जीभ बघितली. मग सगळ्यांसमोर विचारलं, "लगवीचं पानी कसं व्हतंय? पिवळं?"

"साधं," वरद म्हणाला.

"भूक?"

"आता लागते."

जिजा पुन्हा एकदा डोळ्याच्या कोपऱ्यात वाकून बघत राहिली. मग मागे सरली आणि गाठोड्याची गाठ, जी तिने अजून सोडलीही नव्हती, ती आणखी आवळली. "याला कावीळ नाय."

"अगं, तेवीस दिवस झाले," सुनंदाबाई म्हणाल्या. "उतरली असेल."

"उतरली तरी मागं ठेवून जाते, आजी. कोपऱ्यात कळतं. याला झालीच नाय."

"बाई, रिपोर्टमध्ये आलंय तसं," सत्यजीत मध्ये पडला. "तुम्ही तुमचं औषध द्या न् मोकळ्या व्हा."

"न्हाई जमायचं, दादा. नाय त्या दुखन्याचं औशीद दिलं तर माज्या हाताचा गुन जाईल. माज्या आयनं मला हेच आदी शिकवलंय, पाला मागनं." तिने वरदकडे बघितलं, जरा मऊ आवाजात म्हणाली, "पोराला बरं नवतं, ते दिसतंय. पन ते मला कळनारं दुखनं नाय. ज्याला कळतंय त्याच्याकडं न्या."

"मावशी, आमच्या वॉर्डात सर असंच शिकवतात," वरद एकदम म्हणाला. "पेशंटला खिडकीशी न्या, उजेडात डोळे बघा. आमच्यातले निम्मे विसरतात." आणि तो हसला. कधीपासून कुणी ऐकलं नव्हतं ते हसू, लहानपणीसारखं, नाकातून सुरू होणारं.

जिजालाही हसू आलं. चहा मात्र तिने घेतला. पैसे घेतले नाहीत, औषधच दिलं नाही तर पैसे कशाचे? जाता जाता दाराशी ठेवलेल्या मुळ्यांच्या जुड्यांकडे तिची नजर गेली. "ह्ये आता तुमी कशाला खाताय? सुकून जातील." आणि चारुताने त्या सगळ्या जुड्या तिच्या गाठोड्यावर लादून दिल्या.

दार लागलं. सुनंदाबाई हॉलच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. चारुताने मान वळवली. रेवाने फुटाण्यांचा डबा खाली ठेवला. शेवटी त्या प्रभाकररावांपाशी थांबल्या.

"अहो. तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग कावीळ नाही तर माझ्या नातवाला झालंय काय?"

"आई, ऐक," सत्यजीत म्हणाला, "ते बिलिरुबिन असतं ना, ते—"

"सत्यजीत," प्रभाकरराव म्हणाले, "खाली बस."

छप्पन्न वर्षं वर्गात वापरलेला आवाज. त्रेपन्न वर्षांचा सत्यजीत खाली बसला.

प्रभाकररावांची नजर फळ्यावर गेली होती. डाव्या कोपऱ्यातली चौकट. या शनिवारची, अजून रिकामी. आणि त्यांना एकाएकी दुसरीच एक दुपार दिसली, बारा-तेरा वर्षांपूर्वीची. वर्तुळात बसलेली पोरं, एकेकाला विचारत जाणारे ते स्वतः. तुझं काय अडलं? तुझं? आणि वरदपाशी आल्यावर, त्याच्या डोक्यावर टपली मारून, कौतुकाने ओथंबून, "याचं काय अडणार? पुढचा." दर शनिवारी. वर्षानुवर्षं. जगातल्या पोरांना त्यांनी अडलंय म्हणायला शिकवलं आणि घरातल्या पोराची पाळी आली की लाडाने ओलांडून पुढे गेले. त्या पोराच्या हातात खडू कधी आलाच नाही.

ते उठले. गुडघे कुरकुरले. फळ्याखालच्या खोक्यातून त्यांनी उरलेला शेवटचा खडू काढला आणि वरदसमोर धरला.

"वरद, तुझी पाळी. मी ती फार वर्षं चुकवत आलो. माझी चूक. तुला सांगायचं असेल तर सांग. नसेल तर आजीला मीही सांगणार नाही आणि इथे कुणी तुला काही विचारणार नाही."

वरदने खडू घेतला. फळ्याकडे गेला नाही. हातात फिरवत राहिला. पांढरी भुकटी त्याच्या पँटवर पडत होती.

"आजी, मला जगावंसं वाटेनासं झालं होतं," तो म्हणाला.

सुनंदाबाई सोफ्याच्या कडेवर बसल्या.

"म्हणजे एका दिवसात नाही. आधी अभ्यास होईना. मग झोप येईना. वॉर्डात सर काही विचारायचे आणि मला येत असलेलंसुद्धा तोंडातून फुटायचं नाही. सगळे म्हणायचे, तू तर हुशार, तुला काय. मग मला वाटायला लागलं, मी नसलो तर सगळ्यांचं सोपं होईल. रोज वाटायचं. घरी फोनवर मी म्हणायचो, मस्त चाललंय." त्याने खडू दुसऱ्या हातात घेतला. "एकदा कल्पेशने समोर बसून विचारलं. सरळ विचारलं. वरद, मरायचं मनात येतंय का तुझ्या? आजवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी हो म्हणालो. तो ओरडला नाही, घाबरला नाही. म्हणाला, बरं, मग आता मी तुला एकटं सोडणार नाही, चल. आणि घेऊन गेला. त्याने विचारलं म्हणून मी इथे आहे, आजी."

"आणि आता?" सुनंदाबाईंनी विचारलं. "आता येतं मनात?"

प्रभाकरराव बायकोकडे बघत राहिले. जो प्रश्न ओठांवर आणायला ते आणि चारुता तेवीस दिवस घाबरत होते, तो तिने भाताला मीठ घालावं तसा सहज विचारला होता.

"क्वचित," वरद म्हणाला. "आठवड्यात एखाद्या वेळी. आलं की आईला सांगायचं किंवा डॉक्टरांना फोन करायचा, असं आमचं ठरलंय."

"मलाही सांगायचं. रात्री-अपरात्री उठवलंस तरी चालेल." त्यांनी डोळे पुसले आणि मग त्यांचा आवाज एकदम चढला, "आणि तुम्ही सगळे. मी तेवीस दिवस बल्लाळेश्वराला भलतंच गाऱ्हाणं घालतेय? त्याला सांगतेय, याचं लिव्हर सांभाळ, आणि तो बिचारा गणपती लिव्हर सांभाळत बसला असेल. दुखणं राहिलं बाजूला. आज कळलं ते तेवीस दिवसांपूर्वी कळलं असतं, तर मी नीट तरी मागितलं असतं."

रेवा आधी हसली. मग चारुता हसली, रडता रडता. वरद उठून आजीच्या शेजारी जाऊन बसला आणि सुनंदाबाईंनी त्याचं डोकं असं काही दाबून धरलं की त्याचा चष्मा वाकडा झाला.

हसला नाही तो सत्यजीत. तो टीपॉयकडे बघत बसला होता.

"कावीळ कुठून सुचली मला, विचारा ना, बाबा," तो शेवटी म्हणाला.

"कुठून?"

"एक्क्याण्णव साली मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला नापास झालो. शाळेत तुमचे सहकारी, गावात तुमचं नाव. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, सत्यजीतला टायफॉइड झाला होता, म्हणून परीक्षा बुडली. आठवतंय?"

प्रभाकररावांना आठवलं. अगदी स्वच्छ आठवलं.

"सहा आठवडे मी टायफॉइडचा पेशंट होतो. पेज खात होतो. लोक बघायला यायचे, मी पांघरूण घेऊन पडायचो. संध्याकाळी एकटा वडाळे तळ्यावर जाऊन बसायचो." तो थांबला. "काय काय मनात यायचं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. लग्नानंतर रंजितालाही नाही. मला वाटलं होतं, तुम्ही एकदा तरी विचाराल. तुम्ही म्हणालात, आता बरं वाटतंय ना, मग लाग अभ्यासाला."

"मी चुकलो, सत्यजीत," प्रभाकरराव म्हणाले. त्यांना आणखी पुष्कळ म्हणायचं होतं. पण पोरांना शिकवताना त्यांना एक कळलं होतं, चूक मान्य करताना कारणं जोडली की ती चूक उरत नाही, कारणंच उरतात. म्हणून ते तेवढंच बोलले.

सत्यजीतने मान हलवली. मग फाइल उचलून बाजूला केली, खालचे दोन्ही कागद काढले. काविळीचा कागद त्याने फाडला नाही, तसा तो नाटकी माणूस नव्हता. उलटा केला आणि रेवाकडे दिला. "कच्च्या कामाला घे. मागची बाजू कोरी आहे."

मग माधुरी डॉक्टरांचा कागद आणि फाइलमधला रजेचा अर्ज पुढे ओढून त्याने खिशातून पेन काढलं. पालकाची सही, असं लिहिलं होतं तिथे टोक टेकवलं.

"भाऊजी," चारुता म्हणाली. "तिथे मी सही करते."

सत्यजीतने वर बघितलं.

"तुमचा शब्द तुम्ही पाळलात. त्याच्या बाबांना कळलं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं. पण त्या मंगळवारी फोन मला आला होता. उद्या पुन्हा कॉलेजातून कुणी काही विचारलं, तर ते मला विचारतील. उत्तर मलाच द्यायचंय."

पेन क्षणभर हवेतच राहिलं. मग सत्यजीतने ते वळवून, टोक स्वतःकडे करून, तिच्या हातात दिलं. चारुताने सही केली. अकरा वर्षांत तिने वरदच्या एकाही कागदावर सही केली नव्हती. आज तिने सावकाश पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि खाली ठसठशीत रेघ ओढली.

"सोमवारी हा घेऊन मी येतो तुझ्याबरोबर," सत्यजीत तिला म्हणाला. "बोलायचं तू. मी नुसता बसेन."

"तुम्ही नुसते बसाल?" रेवाने विचारलं. "मला बघायला यायचंय."

"वाजले किती?" सुनंदाबाई उठल्या. पदर खोचला. "पावणेबारा. सत्यजीत, ऊठ, उरण नाक्यावर जा. कोळणी उठायच्या आत. कोलंबी मिळाली तर बघ, नाहीतर बोंबील आण, पण ताजे. वरदला घेऊन जा, तुला मासे कळत नाहीत. आणि चारुता, मसाल्याचा डबा खाली काढ. कुठल्या फळीवर टाकलाय कोण जाणे."

काका-पुतणे स्कूटरवरून गेले ते तासाभराने आले. मासळी घ्यायला तासभर लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वाटेत तळ्यावर थांबले होते का, काय बोलले, कुणी विचारलं नाही. सांगायचं तेव्हा सांगतील. त्या घरात आता तेवढी खात्री आली होती.

फोडणी पडली तेव्हा सगळा मजला खोकला. तेवीस दिवसांचं राहिलेलं तिखट सुनंदाबाईंनी एकाच कालवणात घातलं असावं. समोरच्या फ्लॅटमधून कुणीतरी डोकावून म्हणालं, "अहो, कावीळवाल्या घरात हे काय?" आणि सुनंदाबाईंनी झाऱ्यासकट दारात येऊन सांगितलं, "कावीळ नव्हतीच. या जेवायला, सांगते." वरदने भात तीनदा घेतला. नाक पुसत, डोळ्यांतून पाणी काढत, पण घेतला.

चारला पोरं आली. सतरंजी पसरली गेली, दप्तरं भिंतीला लागली. समृद्धी सगळ्यांत पुढे, चौथीतली, दोन घट्ट वेण्यांची. तिने सोफ्यावर बसलेल्या वरदकडे बघितलं. "दादा, तुमची कावीळ बरी झाली?"

हॉलमध्ये मोठी माणसं जिथे होती तिथे थांबली. सत्यजीत पाण्याचा तांब्या घेऊन, चारुता गॅलरीच्या दारात, सुनंदाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, उद्याच्या माशांना हळद-मीठ लावता लावता उठून आलेल्या. प्रभाकरराव खडू शोधत होते. खडू वरदच्या खिशात होता.

वरद उठून पोरांच्या मध्ये सतरंजीवर बसला. "मला कावीळ नव्हती, समृद्धी. माझं मन फार थकलं होतं. इतकं की मला आवडणाऱ्या गोष्टीसुद्धा आवडेनाशा झाल्या. आणि ते मी कुणाला सांगितलंच नाही. एकटाच सोडवत बसलो."

"सुटलं?"

"थोडं. अजून बरंच बाकी आहे. पण आता डॉक्टर आहेत, आई आहे, हे सगळे आहेत. म्हणून सहा महिने मी इथेच राहणार आहे. मग परत जाणार, डॉक्टर व्हायला."

समृद्धीने क्षणभर विचार केला. तिच्या दृष्टीने गोष्ट अगदी सरळ होती. "म्हणजे तुमचं अडलंय."

"हो," वरद म्हणाला. "माझं अडलंय."

आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुणी खूण केली नव्हती. रीतच होती ती, कुणी अडलंय म्हणालं की टाळ्या, मग दप्तरं उघडायची. दहा-बारा जोड्या लहान हात, शाईचे, खडूचे, पेरूच्या रसाने चिकट झालेले. प्रभाकरराव फळ्यापाशी उभे राहून वाजवत होते, वर्गात सगळ्यांत उशिरा आलेल्या विद्यार्थ्यासारखे. रेवा वाजवत होती. सत्यजीतने तांब्या खाली ठेवला.

उंबऱ्यातून सुनंदाबाई वाजवत होत्या, आणि त्यांचे दोन्ही तळवे हळदीने पिवळेधमक झाले होते.